आत्यानं काढायला लावलेलं बटण

शिनोलीहून मामांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा फोन आला, तेव्हा मी पुण्यात ऑफिसमध्ये एका बटणाच्या रंगावरून भांडत होते. "तुझी आत्या गेली गं..." एवढंच बोलले. त्याला आता महिना झाला. पण आत्याची आठवण निघाली की मला रडण्याआधी हसूच येतं. काय करणार, बाईच तशी होती!

अंगणवाडीत मदतनीस असलेल्या आत्याची दहावी इंग्रजीपायी राहिली होती. "पोरांना शाळेत जा म्हणते, आन् मीच नापास! पास व्हनार म्हंजे व्हनार." मी अभ्यासाच्या कार्डांचं अ‍ॅप बनवते. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. उत्तर आठवलं का, ते आपणच 'अवघड', 'मध्यम' किंवा 'सोपं' दाबून सांगायचं. सोपं म्हटलेलं कार्ड बऱ्याच दिवसांनी येतं, अवघड म्हटलेलं उद्याच. मोठ्या दिमाखात मी ते तिच्या फोनवर टाकून दिलं. परीक्षा तोंडावर आली आणि तिचा फोन, "तुझं यंत्र लई हट्टी हाय बाई! तेच तेच इचारतंय, नवा धडा येतच नाय. मी काय औंदा पास व्हत नाय बघ." आवाज रडवेला झाला होता.

रविवारी तडक शिनोली गाठली. शेजारी बसून बघते तर काय, बाई धडाधड बरोबर उत्तरं देत होती आणि प्रत्येकाला 'अवघड' दाबत होती!

"अगं, येतंय की तुला! 'सोपं' दाब ना."

"आपुनच आपल्या तोंडानं सोपं म्हनायचं व्हय? दृष्ट लागंल!"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे पोटभर पुरणपोळी खाऊनही पाहुणा 'बरी झाली' एवढंच म्हणतो, हे मी कॉम्प्युटर शिकता शिकता विसरलेच होते... त्याच आठवड्यात फुशारकीचं 'सोपं' काढलं आणि बटणं दोनच ठेवली, 'आलं' आणि 'नाय आलं'. अ‍ॅपमधल्या बाईचा आवाज तिला परका वाटायचा, म्हणून प्रश्न स्वतःच्या आवाजात भरायची सोय केली. नव्यानं शिकणाऱ्या सगळ्यांनाच ते आवडलं. आणि आत्या पास झाली! अंगणवाडीत पेढे वाटताना पोरांवरच डाफरत होती, "एकेकच घ्या रे!"

परवा शिनोलीला गेले, तर मामा ओट्यावर तिचा फोन घेऊन बसलेले. फोनमधून आत्या खणखणीत आवाजात विचारत होती, "आंब्याला इंग्रजीत काय म्हनत्यात?"

"मँगो," मामा म्हणाले आणि त्यांनी 'नाय आलं' दाबलं.

"अहो मामा, बरोबर आहे की!"

"म्हाईत हाय गं. पन 'आलं' म्हनलं तर उद्या इचारायची न्हाई ना ती."