साठीतल्या पोरीचं हेलिकॉप्टर

मी तेव्हा नुकतीच साठी ओलांडली होती, म्हणजे पोरच म्हणायची. आता पासष्टीची पोक्त बाई झाल्यावर त्या पोरीकडे बघते, तर हसू आवरत नाही. पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात रिमोट लटकवलेला, आणि तोंडावर ऐट अशी की मोपा विमानतळावरची विमानंसुद्धा हिला विचारूनच उतरतात.

सुरुवात नातीच्या खेळण्याने झाली. मे महिन्याच्या सुट्टीत ती आली आणि जाताना एक वीतभर हेलिकॉप्टर मेजाखाली विसरून गेली. परत पाठवायचं म्हणून मी ते उचललं, बटण दाबून पाहिलं, आणि परत पाठवायचं विसरले. जूनभर ते आमच्या घरात भिरभिरलं. जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांवर आपटलं, देवघरातून वात न विझवता बाहेर आलं. एकदा तर माशाच्या हुमणाच्या टोपावरून असं गेलं की आमच्या ह्यांनी जेवणाच्या ताटावर दोन्ही हात धरले.

"अगो, नातीचा खेळणा ता!"

"मग? जपून ठेवलंय म्हणून सांगा तिला."

हे म्हणजे माझा नवरा. पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. खाणी बंद पडल्यापासून ते बाहेरच्या सोप्यावर बसून रस्ता बघतात. बोलतात कमी, पण हसायला लागले की पोट धरून हसतात. माझ्या उड्डाणाच्या काळात त्यांचं पोट फारच दुखलं.

खेळण्यावर हात बसला तशी साठीतल्या पोरीला खऱ्यासारखं उडणाऱ्या हेलिकॉप्टरची हाव सुटली. खेळण्याचा पंखा जोरात फिरला की ते वर जातं, हळू फिरला की खाली येतं, एवढंच. खऱ्यासारख्या जातीला म्हणतात कलेक्टिव्ह पिच. त्यात पंखा एकाच वेगाने फिरत राहतो आणि वर-खाली होण्यासाठी पात्यांचा कोन बदलतो. माझं माहेर पेडण्याचं, खाडीकाठचं. होडीवाला वल्हं पाण्यात जरासं कलतं करतो आणि होडी कशी चटकन ऐकते, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे हे मला एका वाक्यात समजलं. समजलं म्हणजे आलंच, अशी त्या पोरीची समजूत होती.

पाळीच्या पलीकडे एक सपाट माळ आहे. पूर्वी तिथे खनिजाचे ढीग असायचे, आता नुसती लाल माती. रविवारी सकाळी फोंड्याहून, म्हापशाहून, डिचोलीहून रिमोटवरची विमानं आणि हेलिकॉप्टरं उडवणारे लोक तिथे जमतात. ह्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून तिकडे नेलं. माळावर चुन्याची एक रेघ मारलेली. ज्याचं हेलिकॉप्टर अख्खी बॅटरी संपेपर्यंत एका जागी तरंगत राहतं, त्यानेच त्या रेघेवर उभं राहायचं. बाकीच्यांनी मागे, काजूच्या झुडपांपाशी. मी हातातल्या खेळण्यासकट झुडपांपाशी उभी राहिले आणि त्या रेघेकडे अशी बघत बसले, जशी लहानपणी जत्रेतल्या पाळण्याकडे बघायचे.

घरी येऊन लेकीला फोन लावला. ती फोंड्याला नोकरीला आहे, आणि नोकरीतली शिस्त फोनवरसुद्धा सोडत नाही.

"आई, त्यापेक्षा ड्रोन घे. सोडलं की आपलं आपण एका जागी उभं राहतं."

"आपलं आपण एका जागी राहणारं एक आहे घरात. सोप्यावर बसलंय."

"थट्टा नको. त्या पात्यांनी बोटं तुटतात, मी वाचलंय. आणि तुझं वय..."

"माझ्या वयाला काय झालं?"

वयाचा विषय तिने तिथेच सोडला. मग ती म्हणाली, "बरं. एकच घे. नीट बघून घे. नाही जमलं, तर हा विषय कायमचा बंद. पुन्हा हट्ट करायचा नाही. शप्पथ?"

"शप्पथ," मी म्हणाले. लेकीला दिलेली शप्पथ मी मोडत नाही. तिच्या बापाला दिलेल्यांचं सोडा.

आता एकच घ्यायचं म्हटल्यावर निवड आली. आणि निवडीच्या बाबतीत ही पोर म्हणजे स्वतःला मोठी जाणकार समजायची. नवरासुद्धा तिने नुसता फोटो बघून निवडला होता आणि तो बरा निघाला, त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांवर तिचा नको तेवढा विश्वास. तिच्या मनात एक मोठं लाल हेलिकॉप्टर भरलं होतं. माळावरच्या सगळ्यात जाणत्या उडवणाऱ्याचं, म्हापशाच्या एका निवृत्त गृहस्थांचं. ते त्यांना विकायचं होतं. देवळात जाऊन कौल लावावा असंही एकदा मनात आलं. पण भटजी देवाला काय विचारणार, लाल की पिवळं?

शेवटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले तेव्हा वाकडी वाट करून त्यांच्या घरी गेले. हातात बाजाराची पिशवी, पिशवीत वर मिरच्या आणि त्याखाली सुका गालमो, म्हणजे तुमचा जवळा. त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत हेलिकॉप्टर मांडलं. एकेक पातं माझ्या हाताएवढं.

"वहिनी, जरा लांब उभ्या राहा."

"लांबून काय कळणार हो, भाऊ?"

त्यांनी पंखा चालू केला. भाताची मळणी निघाल्यासारखा आवाज झाला, माझा पदर सुटून तोंडावर आला, आणि पिशवीतला गालमो उडून अख्ख्या परसात पसरला. पदर बाजूला करून बघते तर कुंपणावर कावळ्यांची पंगत बसलेली.

गृहस्थांनी यंत्र बंद केलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "हे पडलं तर काय कराल?"

"पडेल कशाला?"

"पडणारच, वहिनी. माझं पडलं, सगळ्यांचं पडतं. मोठं वाऱ्यात जास्त स्थिर राहतं, लांबून नीट दिसतं, ते खरं. पण पडलं की निम्मं नवीन घालावं लागतं, आणि कोणाला लागलं तर वेगळंच. पहिलं घ्यायचं ते छोटं घ्या. बोटं गोंधळली तर एक बटण दाबून आपलं आपण सरळ होणारं घ्या."

शेवटची गोष्ट पोरीला अपमानाची वाटली. पण कावळे समोरच बसले होते, त्यामुळे तिने तोंड उघडलं नाही. मग तिला एक शहाणपणाचा प्रश्न सुचला, तेवढं श्रेय मी तिला देते. ज्या मिक्सरचं भांडं म्हापशाला मिळत नाही तो मिक्सर घ्यायचा नाही, हे आम्हा बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. तिने विचारलं, "ह्याचे सुटे भाग कुठे मिळतात?"

गृहस्थांचा चेहरा खुलला. म्हणाले, "हेच आधी विचारायचं असतं." ज्याची पाती, दांडे आणि दातेरी चाकं सहज मिळतात असं एक छोटं हेलिकॉप्टर त्यांनी सुचवलं. हातभर लांब, आभाळात उठून दिसावं म्हणून पिवळंधमक, पात्यांची टोकं लाल. त्याचा रिमोट आधीच घ्या आणि ते येईपर्यंत तो संगणकाला जोडून पडद्यावरच्या खोट्या हेलिकॉप्टरवर सराव करा, म्हणाले. मी केला. पडद्यावर मी इतक्या वेळा आपटले की ह्यांनी बाहेरून विचारलं, "आज किती मेले?" पण चतुर्थी येईतोवर खोटं हेलिकॉप्टर माझ्यासमोर टांगल्यासारखं स्थिर राहू लागलं.

मग खोकं आलं. आमच्याकडे नवीन यंत्र घरात आलं की आधी त्याला गंध-फूल. ह्यांचा ट्रक, पिठाची चक्की, कपडे धुण्याचं मशीन, कोणीच त्यातून सुटलं नाही. हेलिकॉप्टर पाटावर ठेवलं, ओलं कुंकू लावलं, त्यावर अक्षता चिकटवल्या, नारळ फोडला. कुंकू नाकावर लावलं, आणि उचलणार ते पातंच, म्हणून एका पात्याच्या टोकालाही चांगलं ठसठशीत बोट ओढलं. ह्यांनी हात जोडले. हसले नाहीत. यंत्राच्या पूजेला ते कधी हसत नाहीत.

रविवारी माळावर गेलो. सगळे बघायला जमले. पंखा फिरला, आणि हेलिकॉप्टर थंडी भरल्यासारखं कापायला लागलं. शेपटी इकडून तिकडे झटके द्यायला लागली. वर उचललं तर तिरपं पळालं. उतरवलं तर बेडकासारखं उड्या मारत उतरलं. पुन्हा पंखा फिरवला, पुन्हा तेच.

म्हापशाचे गृहस्थ जवळ आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, हात थरथरतायत का तुमचे? असू दे. होतं ह्या वयात."

मी रिमोट खाली ठेवला आणि हात पदराखाली घेतले.

माझ्या आईचे हात असेच गेले होते. पेज वाढताना तिच्या हातातली कुलेर, म्हणजे मोठा चमचा, वाटीच्या कडेवर टकटक वाजायची, आणि आम्ही ऐकलं नाही असं दाखवायचो. स्कूटरवर परत येताना मी ह्यांचा खांदा घट्ट धरला होता. विषय कायमचा बंद, असं मनात म्हणून पाहिलं. लेकीला काय सांगायचं तेही ठरवलं. हातांचं सोडून बाकी सगळं.

दुपारी हे घोरत असताना, शेवटचं म्हणून रिमोट संगणकाला जोडला. तीच बोटं, तोच रिमोट. पडद्यावरचं हेलिकॉप्टर जागचं हललं नाही. मी बघतच राहिले. मग उठून पेला काठोकाठ पाण्याने भरला, हातात धरून सोप्यापर्यंत गेले आणि परत आले. एक थेंब सांडला नाही. म्हणजे माझ्या हातांना काही झालेलं नव्हतं. यंत्रातच खोट होती.

सदोष माल परत करायचा, पण कुंकू लावलेला माल दुकानदार घेईल का? म्हणून ओलं फडकं घेऊन पुसायला बसले. नाक पुसलं. पात्यावर फडकं फिरवलं, तर बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. पात्याचं टोक मुळातच लाल, त्यामुळे कोणाला दिसलं नव्हतं. पण त्या लालीवर माझं कुंकू वाळून खपली धरून बसलं होतं, आणि खपलीत तांदळाचे दाणे. दुसरं पातं एकदम स्वच्छ. पाती जेमतेम चमच्याच्या वजनाची. त्यातल्या एकाला मी पक्वान्न वाढलं होतं आणि दुसऱ्याला उपाशी ठेवलं होतं. इतक्या जोरात गरगरताना ती भांडणार नाहीत तर काय करणार!

नखाने खपली काढली, पातं धुतलं, पुसलं आणि अंगणात गेले. पंखा फिरला. कापरं नाही, झटके नाहीत. यंत्र तुळशीच्या बाजूला छातीच्या उंचीवर जाऊन थांबलं. आवाजाने हे जागे होऊन बाहेर आले.

"जाला काय दुरुस्त? काय जाल्ला ता?"

मी सांगितलं. हे पायरीवर बसले आणि पोट धरून इतके हसले की शेजारीण कुंपणापाशी आली.

पुढच्या रविवारी मी अख्खी बॅटरी संपेपर्यंत हेलिकॉप्टर एका जागी धरून ठेवलं. मध्ये एकदा वाऱ्याची झुळूक आली आणि बोटं गोंधळली, तेव्हा ते अपमानाचं बटण मी मुकाट्याने दाबलं. यंत्र सरळ झालं, मीही झाले. उतरवल्यावर म्हापशाच्या गृहस्थांनी विचारलं, "वहिनी, काय बदललंत?"

"तांदूळ निवडले," मी म्हणाले. ते विचारात पडले, आणि मी जाऊन चुन्याच्या रेघेवर उभी राहिले. अजून तिथेच उभी असते.

दसऱ्याला हे कुंकवाची कोयरी घेऊन यंत्रापुढे बसले आणि बोट वर धरून थांबले. "आता खंय लावू?"

"पायांना लावा. दोन्ही पायांना सारखंच."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "उडतंय ना गं नीट?"

"उडतंय."

"आणि हात? बाबा काहीतरी म्हणत होते."

"हात ठणठणीत आहेत. बघ, शप्पथ पाळली की नाही मी? जमलं."

"पाळलीस, आई."

"मग आता ते मोठं, लाल..."

तिकडून फोन बंद झाला. हे मात्र कोयरी बाजूला ठेवून पोट धरायच्या तयारीत होते.