आमचो देवचार रगात पिणा नाय

कुडाळहून मालवणला जाणारी एसटी कट्टा गावात थांबली, तेव्हा मी चहा प्यायला उतरलो. सोनूकाका बाकावर बसले होते. याच माणसाने काही वर्षांपूर्वी मला त्यांच्या वडिलांचा अनुभव सांगितला होता आणि त्यावर मी कथा लिहिली होती. मी मालवणला भयकथाकारांच्या संमेलनाला निघालो होतो. लोक तिथे त्याच कथेसाठी मला ओळखत होते.

"काय वो लेखकानू, आमच्या देवचाराक रगात पाजलात?"

मला काही कळेना. देवचार म्हणजे गावाची वेस राखणारा अदृश्य राखणदार. काकांच्या वडिलांची काळोखात वाट चुकली, तेव्हा त्याने पुढे काठी आपटत त्यांना अंगणापर्यंत आणून सोडलं. मागून चालणाऱ्या वडिलांना तो शेवटपर्यंत दिसला नाही, एवढंच काय ते भय.

काकांनी फोन काढला. माझी कथा एका ॲपवर वाजत होती. आवाज यंत्राचा, स्टेशनवरच्या सूचनांसारखा. शेवटी माझ्या देवचाराने अंगणात पोचताच माणसाचं नरडं फोडून रक्त प्यायलं.

"हे मी लिहिलेलं नाही, काका."

"नाव तुमचाच आसा. गावात म्हणतत, सोनून बापाशीची गोष्ट इकल्यान. परवा राखण आसा. औंदा माका व्हाणो ठेवूक देवचे नाय म्हणतत."

राखण म्हणजे देवचाराला वार्षिक मान. वर्षभर वेशीवर फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवा जोड ठेवायचा. तो मान पिढ्यान्‌पिढ्या काकांच्या घराचा. त्या ॲपला कथा देताना मी "मान्य" हे बटण दाबलं होतं, करार न वाचता. बोलण्यात माझी बस निघून गेली. पुढची तासाभराने आली.

संमेलन समुद्रकाठच्या रिसॉर्टवर होतं. दारात थर्माकोलच्या कवट्या, व्यासपीठावर सात खुर्च्या, सातही जणांना शाली. साहित्यिकांनी पंगतीबाहेर बसवलं म्हणून एकत्र आलेले आम्ही लोक. एकमेकांच्या कथा मन लावून वाचायचो, शिव्याही मन लावून घालायचो. आता आमचाही अध्यक्ष झाला होता, आणि तो चाळीस मिनिटं बोलला. कथा वाचायला प्रत्येकाला तीन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला घंटा.

ॲपचा व्यवस्थापक जेवणाच्या रांगेत सापडला. सुरमई तळलेली, सोलकढी झकास. मी ताट हातात धरूनच विचारलं.

"शेवट कोणी बदलला?"

"सर, तोच भाग सगळ्यात जास्त ऐकला जातो!"

"तो राखणदार आहे. माणसाला घरी पोचवतो."

"घरी पोचला तर पुढचा भाग कोण ऐकणार, सर? करारात आहे, 'आवश्यक ते बदल'."

"मग माझं नाव काढा."

"नावामुळेच तर ऐकतात, सर," तो म्हणाला आणि माझ्या ताटात लिंबू ठेवलं.

माझी तीन मिनिटं सोडून मी दुसऱ्या दिवशी काकांच्या गावी गेलो. देवळासमोर भर दुपारी तीसेक माणसं जमली. मी चूक कबूल केली आणि मूळ कथा वाचायला घेतली. एका आजीने मला थांबवलं.

"रे झिला, वाचून कित्याक दाखयतंस? गोष्ट आमका ठावक आसा. गाऱ्हाणा घाला."

गाऱ्हाणं घालायचा मान असलेले गावकर उठले. त्यांनी माझ्या हातात नारळ दिला आणि देवाला हाक घातली.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान न वाचता फोनार बोट दाबल्यान. चूक तेची, सोनूची न्हय!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात ओरडले.

"सोनूच्या घरच्यो व्हाणो दरवर्षासारख्यो पायात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

काका खांबाला टेकून उभे होते. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "चला, जेवन थंड होता."

काकांच्या हातून राखण झाल्यावर कुडाळला रेल्वेत बसलो. त्या ॲपवर माझ्या आणखी अकरा कथा आहेत. त्यांचे करार मी पहिल्यांदाच वाचले. सगळ्यांत "आवश्यक ते बदल" होते. मग कानात इअरफोन घालून एकेका कथेचा शेवट ऐकायला लागलो. वैभववाडी येईपर्यंत, मी जिवंत ठेवलेली तीन माणसं मेली होती.