फ्रिजची मूठ

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मावशीच म्हणत. बावीस वर्षं किरणोत्सर्गी फॉस्फरस हाताळूनही त्यांच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झाला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र सगळीकडे फिरवलं आणि फ्रिजच्या मुठीपाशी ते कडकडायला लागलं.

फॉस्फरस हाताळलेला हातमोजा न काढता ती मूठ त्यांनीच धरली होती. आता खोलीत दुसरं कोणी नव्हतं. गुपचूप पुसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण नंतर तोच फ्रिज तिघांनी उघडला होता. मावशींनी तिघांनाही जिन्यावरून परत बोलावलं.

"हात पुढे करा."

"मावशी, लग्नाला जायचंय हो!" शिकाऊ संशोधक कुरकुरली. "कुणी केला हा घोळ?"

"मी. आणि लग्न तुझं नाहीये ना? मग थांब."

नेमकं तिच्याच तळहातापाशी यंत्र कडकडलं. तिचं तोंड एवढंसं झालं. मावशींनी तिला नळापाशी नेलं, साबण लावून हात धुतला, मोजला, पुन्हा धुतला.

"जाईल ना हे?"

"जाईल. जाईपर्यंत मी हात सोडत नाही."

चौथ्या खेपेला यंत्र शांत झालं. मग मावशींनी नोंदवही ओढली आणि चूक कुणाची, त्या रकान्यात ठळक अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं.