तहवील, तक्सीद आणि निळीचा रांजण

आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र उर्दूतून शिकवत. मी पाटोद्याजवळच्या एका खेड्यातून हैदराबादला गेलो, तेव्हा घरची मराठी, बाजारातली दखनी आणि वर्गातली उर्दू अशा तिघी माझ्या डोक्यात एकाच वेळी बोलत असायच्या. एखाद्या पदार्थाला प्राणवायू चिकटला की ती तक्सीद, सुटला की तहवील. तहवील हा शब्द कानावर आला की मला पाटोद्याच्या कचेरीतले म्हातारे तहवीलदार दिसत. डोक्यावर पागोटं, कमरेला चाव्यांचा जुडगा, मागे सरकारी तिजोरी. सर फळ्यावर तांब्याची तहवील लिहीत आणि मला वाटे, ते म्हातारबुवा तांबं तिजोरीत ठेवून सावकाश कुलूप लावताहेत.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, कारण मला पाठांतर येत होतं. व्याख्या म्हणा, समीकरणं म्हणा, धडाधड म्हणून दाखवायचो. पहिला नंबर माझा.

माझ्या खोलीत राहणारा मित्र बीड शहरातल्या निळाऱ्याच्या घरचा. त्याचे वडील निळीत कापड रंगवत. मित्राचा हात प्रयोगात फार हलका, पण पुस्तक उघडलं की त्याचा चेहरा उतरायचा. रोज सकाळी मी त्याच्याकडून व्याख्या घोकून घेई. तो दहा वेळा म्हणे आणि अकराव्या वेळी विसरे.

आमचे सर तरुण होते, विलायतेत शिकून आलेले. त्यांना एक वेगळाच छंद होता. मुलं रसायन शिकतात म्हणजे मनात नेमकं काय करतात, याचा ते शोध घेत होते. त्यासाठी जाड पुठ्ठ्याची एक वही होती. ते काहीतरी विचारत, मुलं काय बोलतात ते ऐकत आणि त्यांना वाटलं तर वहीत लिहीत. एकदा त्यांनी पाण्याच्या पेल्यात मिठाचा खडा टाकून ढवळला. खडा दिसेनासा झाला.

"नमक कहाँ गया?" त्यांनी विचारलं.

मी उभा राहून द्रावणाची व्याख्या सांगितली, एक शब्दही न चुकता. सरांनी मान हलवली. वहीला हात लावला नाही. मग त्यांनी माझ्या मित्राकडे पाहिलं.

"साहब, सो गया," तो म्हणाला.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "उठेगा कब?"

"पानी सूख गया तो."

सर वहीत लिहायला लागले ते किती तरी वेळ लिहीतच राहिले. पेल्यातलं पाणी खिडकीच्या उजेडात हलत होतं. त्या क्षणी मला मित्राचा हेवा वाटला. घोकून मी घ्यायचो आणि वहीत उत्तर त्याचं गेलं!

पण वार्षिक परीक्षेत तो रसायनात नापास झाला. पेपरात व्याख्या विचारल्या होत्या. सुट्टीनंतर तोंडी फेरपरीक्षा घेऊ, असं सरांनी सांगितलं. मित्र ट्रंकेवर बसून म्हणाला, "अब्बाला काय सांगू बे? तू चल माझ्यासंगं. पंधरा दिवस राहा. मला घोकून घे."

आम्ही जालन्यापर्यंत रेल्वेने आणि तिथून मोटारीने बीडला आलो.

ते दिवस आठवले की मला आधी ऊन आठवतं. बिंदुसरा नदी आटून चार हात रुंद उरली होती आणि तिच्या वाळूवर निळी लुगडी, निळ्या पासोड्या, निळी धोतरं पसरलेली असत. वाऱ्याने ती फुगत आणि वाळू श्वास घेतेय असं वाटे. मित्राच्या घरामागे, नदीच्या बाजूला छपराखाली जमिनीत पुरलेले तीन रांजण होते. तिथे आंबूस, काहीसा शेणासारखा वास असे. पहिल्या दिवशी मला मळमळलं, चौथ्या दिवशी तो वास मला कळेनासा झाला. त्या छपराखाली बसून आम्ही घोकत होतो. मी म्हणे, तो म्हणे. मधेच दोघांचा आवाज मंदावून जाई आणि आम्ही नदीपलीकडच्या बाभळींकडे बघत राहत असू.

चाचा, म्हणजे त्याचे वडील, आमच्याकडे लक्ष देत नसत. कोपरापर्यंत निळे हात, बोलणं कमी. ते रांजणावर ओणवून वास घेत, एक बोट बुडवून जिभेला लावत आणि पुन्हा झाकण ठेवत.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "बेटा, हे टोक धर."

रांजणात पांढरं बुडवलेलं एक धोतर ते बाहेर काढत होते. मी टोक धरलं. धोतर निळं नव्हतंच. पिवळं होतं, कोवळ्या गवताची झाक असलेलं पिवळं. मला वाटलं, चाचांचं काही तरी चुकलं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि माझ्या हातातलं टोक हिरवं झालं. हिरवा रंग कापडावरून सरकत गेला आणि त्याच्यामागून निळा आला, काठाकडून आत, घडीघडीतून. कुणी काहीच करत नव्हतं. आम्ही नुसते दोन टोकं धरून उभे होतो आणि कापड आपोआप निळं होत होतं. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

"हे काय झालं, चाचा?"

"रांजणात नीळ निजलेली असते," चाचा म्हणाले. "गूळ, चुना आन् टाकळ्याचं बी घातलं, की चार दिवसांत निजते. निजल्याबिगर कापडात शिरत न्हाई. बाहेर हवा लागली की उठते."

हवा लागली की! माझ्या अंगावर काटा आला. वर्षभर जे तोंडाने म्हणत होतो ते माझ्या बोटांवर घडत होतं. मी मित्राकडे वळून ओरडलोच, "अरे, ही तक्सीद हाय! हवेतला प्राणवायू लागतोय तिला. आन् रांजणात होते ती तहवील!"

मित्र जागचा हलला नाही. धोतराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याचा आवाज बदलला होता.

"हे तर मी रांगायला लागल्यापून बघतोय," तो म्हणाला. "मग मला तवाच कावून न्हाई सांगितलं बे?"

"मलाच आत्ता कळलं," मी म्हणालो. वर्षभरात मी त्याच्याशी बोललेलं ते बहुधा पहिलं खरं वाक्य होतं. तहवीलदारांची आणि तिजोरीची गोष्टही मी तेव्हाच सांगितली. तो वाळूवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

त्यानंतर आम्ही घोकलं नाही. तो रांजणापाशी बसे आणि जे दिसे ते दखनीत, मराठीत, जसं येईल तसं बोले. त्यातला पुस्तकातला शब्द कोणता, ते मी शोधून देई. लोखंडाचा गंज त्याने स्वतःच ओळखला. चुन्याच्या भट्टीत दगड भाजतात ती तक्सीद की तहवील, हे कोडं आम्हा दोघांनाही सुटलं नाही, ते तसंच घेऊन आम्ही परत गेलो.

फेरपरीक्षेच्या वेळी मी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभा होतो. सरांनी विचारलं, "तहवील समझाओ." मी दाराला कान लावला. मग त्याचा आवाज आला, "साहब, हमारे घर में तीन रांजन हैं..." आणि तो थांबलाच नाही. गूळ झाला, चुना झाला, पिवळं कापड झालं, वारा झाला. सर मधे मधे इतकंच विचारत, "फिर?"

तो पास झाला. बाहेर येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला. मी मात्र संध्याकाळी आपणहून सरांकडे गेलो आणि सांगितलं की माझ्या उत्तरांपैकी निम्मी मला कळलेली नाहीत. सर म्हणाले, "मालूम था." त्यांनी वही उघडून माझं पान दाखवलं. ते कोरं होतं. "अब बोलो," ते म्हणाले. मी तिजोरीपासून सुरुवात केली आणि ते लिहायला लागले.

दसऱ्याच्या सुट्टीत मी पुन्हा मित्राकडे गेलो होतो, तेव्हा सर आपल्या मोटारीने औरंगाबादला जाताना वाट वाकडी करून बीडला आले. चाचांनी त्यांना फळीवर बसवून चहा दिला आणि विचारलं, "आप क्या सिखाते?"

"कीमिया," सर म्हणाले. उर्दूत रसायनालाही तेच म्हणतात आणि सोनं करण्याच्या विद्येलाही.

"सोना बनाते?" चाचा हसले. सरांनी हसत खिशातला पांढरा रुमाल काढून पुढे केला. चाचांनी तो रांजणात बुडवला, वर काढला आणि सरांच्याच हातात दिला. सर तो उन्हात दोन बोटांत धरून उभे राहिले. पिवळा, हिरवा, निळा. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला होता, तो सावरायचंही त्यांना सुचलं नाही.

वही त्या दिवशी मोटारीतच राहिली होती. परत निघताना सरांची नखं निळी होती. कॉलेज उघडलं तेव्हाही तो रंग पुरता गेला नव्हता.