चाळिसाव्या पानावरची पेन्सिल

डिचोलीच्या वाचनालयात कुमुदिनी मळीक, म्हणजे आपणा सर्वांच्या कुमुदबाय, यांनी मला पहिल्याच दिवशी एक विचित्र प्रश्न विचारला होता. मी रहस्यकथा मागितली होती. दुसऱ्या कुणीही विचारलं असतं, कुठली आवडते? बायंनी विचारलं, कुठली आवडली नाही आणि ती कितव्या पानावर सोडलीत? मी नुकताच बांद्याहून मुळगावच्या खाणीवर वजनकाट्याचा कारकून म्हणून आलो होतो आणि आपण फार वाचलेलं आहे असा माझा तोरा होता. मी एकही पुस्तक अर्धवट सोडत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तसं असेल तर तुम्हाला काय द्यायचं हे कळायला मला वेळ लागेल, असं म्हणून त्यांनी एक पातळसं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला. पुस्तक मात्र मी एका रविवारी, जेवणाचं भान न ठेवता संपवलं.

बायंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या कार्याचा आढावा घ्यायला माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत. मी लिहिणार आहे ते एका कपाटाविषयी. वरच्या कपाटांत संतवाङ्मय, चरित्रं, इतिहास. खाली, दाराशेजारी, रहस्यकथा, भुताच्या गोष्टी आणि अंतराळातल्या कादंबऱ्या. कार्यकारिणीतले काहीजण त्याला 'फालतू कपाट' म्हणत. गर्दी मात्र तिथंच असायची, विशेषतः बुधवारी, बाजाराच्या दिवशी.

या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी बाय स्वतः खळ लावून एक लांब कोरा कागद चिकटवीत. वाचणाऱ्याने त्यावर आपलं मत लिहायचं, पुढच्याला शिफारस करायची किंवा सावध करायचं. नियम एकच, गुन्हेगार कोण ते सांगायचं नाही. या कागदांसारखी समीक्षा मी पुढे कुठे वाचली नाही. आमच्या पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, एका भयकथेवर लिहिलं होतं, 'भूत सातव्या प्रकरणात येते. तोवर माझे पाव विकून झाले असते.' एका शिक्षिकेने अंतराळयानाच्या कादंबरीवर तक्रार केली होती की सहा माणसं वर्षभर यानात आहेत, पण त्यांच्यासाठी चहा कोण करतं ते लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. बाय हे कागद पाठ असल्यासारखे लक्षात ठेवीत आणि त्यावरून कुणाला काय द्यायचं ते ठरवीत. तो पोदेर पुढे पहिल्याच पानावर मुडदा पडणाऱ्या कादंबऱ्यांचा भक्त झाला.

आणि होते इब्रामपूरचे दाजी. भाताची शेती, चार माडांची राखण, आणि बुधवारी बस बदलून डिचोलीला येणं. जनेलाजवळची, खिडकीतल्या उजेडाची खुर्ची त्यांची. अंगठा जिभेला लावून पान उलटायचं, आणि महिन्याला एकच पुस्तक, पण असं वाचायचं की लेखकानेही तेवढ्या बारकाईने लिहिलं नसेल. 'घोडा चार दिवस पाण्यावाचून धावत नाही. लेखकाने घोडा पाळावा,' हे त्यांचं एक मत. माझं आणि त्यांचं कधी पटायचं नाही. मी म्हणायचो, मला चाळिसाव्या पानाच्या आत खुनी कळतो. ते नुसते हसायचे. त्या हसण्याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आता जे लिहिणार आहे ते मी आजवर घरातही बोललेलो नाही. वाचनालयात एक नवी रहस्यकथा आली. दाजींचा नंबर माझ्यानंतर होता आणि त्यांनी तिची दोन महिने वाट पाहिलेली होती. मी ती खाणीच्या वजनकाट्यावर बसून वाचत होतो आणि, देवाशपथ सांगतो, चाळिसाव्या पानावर मला खुनी कळला. दाजींना दाखवायला पुरावा नको का? कानावरची पेन्सिल काढली, सवयीप्रमाणे जिभेला लावली आणि समासात लिहिलं, 'खुनी डॉक्टर. इथेच ओळखला.' पुस्तक संपलं, डॉक्टरच निघाला. मी खूश! मग भानावर आलो. अरे, हेच पुस्तक आता दाजींकडे जायचंय. रबर घेतलं. पण ट्रकच्या पावत्या लिहायची ती पेन्सिल, ओली केली की जांभळी होणारी आणि खोडली न जाणारी. कागद फाटायला आला, अक्षरं जागची हलेनात. पुढच्या बुधवारी मी ते पुस्तक दुसऱ्या दोन पुस्तकांच्या खाली ठेवून परत केलं आणि मुकाट्याने निघून आलो.

त्यापुढच्या बुधवारी दाजी आले. ते चिडतील म्हणून मी तयारीत होतो, पण ते चिडले नाहीत. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाय, ह्यां पुस्तक कोणीतरी मारून टाकल्यान." एवढंच. ते जनेलाजवळ न बसता बाजारात निघून गेले. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. परगावचा माणूस, सभासदत्व जाईल, खाणीवर चेष्टा होईल, अशी शंभर कारणं मी मनात मांडली. खरं कारण एकच, दाजींच्या डोळ्यांत मला हलकट ठरायचं नव्हतं.

'फालतू कपाटा'वर डोळा ठेवून असलेल्यांना निमित्त मिळालं. कार्यकारिणीची बैठक वाचनालयातच, आम्हा वाचकांच्या देखत झाली. असली पुस्तकं वाचणारे असलेच निपजणार, एक तर गुन्हेगाराचं नाव द्या, नाहीतर कपाट माळ्यावर चढवा, असं बायंना सांगण्यात आलं. बायंची नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती, हे सर्वांना ठाऊक होतं. त्या उभ्या राहिल्या. 

"खुनी सापडला आहे," त्या म्हणाल्या. "शिक्षाही ठरली आहे. नाव सांगायचा आमच्या कपाटाचा रिवाज नाही. पुन्हा असं झालं तर कपाटाबरोबर मीही जाईन."

 पुन्हा घडलं तर तुम्हाला खरोखरच जावं लागेल, एवढं बजावून मंडळी उठली. कपाट जागेवर राहिलं. मी मात्र घरी पोचेपर्यंत एकच कोडं सोडवत राहिलो. बायंना खरंच ठाऊक होतं, की कपाट वाचवायला मारलेली ती थाप होती? आणि शिक्षा कसली?

पुढच्या बुधवारी त्यांनी मला बोलावलं. दाजींच्या डोळ्यांना बारीक टाइप आता झेपत नाही, तुमचा आवाज खणखणीत आहे, तर त्यांना वाचून दाखवाल का, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्या दिवसापासून दर बुधवारी तासभर मी वाचायचो आणि दाजी ऐकायचे. शेवटच्या प्रकरणाआधी थांबायचं, दोघांनी आपापला संशयित ठरवायचा आणि मग पुढे जायचं, असा आमचा शिरस्ता झाला. दाजी दहातल्या आठ वेळा जिंकत. हळूहळू भोवती माणसं बसू लागली. बाजार करून आलेल्या बायका पिशव्या पायाशी ठेवून पैजा लावू लागल्या. एकदा कार्यकारिणीतले एक गृहस्थ दारात उभ्याउभ्या पूर्ण प्रकरण ऐकून गेले, आणि 'फालतू' हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकला नाही. दाजींच्या मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झाली, त्यांना स्वच्छ दिसू लागलं, तरी म्हणायचे, "तू वाच रे, माका आयकान बरा वाटता." मला कावीळ झाली तेव्हा तेच बायंनी दिलेली तीन पुस्तकं घेऊन बस बदलत मुळगावला आले. तिन्ही विनोदी होती. आजारी माणसाला खून देऊ नये, असा बायंचा निरोप होता.

ही शिक्षा होती की योगायोग, हे मला विचारता येईना. विचारणं म्हणजेच कबुली. बाय माझ्याकडे कधी वेगळ्या नजरेने पाहत नसत. निवृत्तीच्या दिवशी मी आडून आडून विषय काढला, तर त्यांनी मला चहा घ्यायला लावला. दाजी गेले, तेव्हा मी त्यांच्या पायांशी बसून मनातल्या मनात माफी मागितली. उपयोग काय? मेलेल्या माणसाला रहस्य सांगून ते सुटत नाही.

या लेखाच्या निमित्ताने गेल्या महिन्यात मी बायंच्या घरी गेलो आणि सगळं ओकून टाकलं. पेन्सिल माझी होती, बाय. तुम्ही कसं ओळखलंत?

बाय म्हणाल्या, "मी कुठे ओळखलं? दाजींनी ओळखलं. चाळिसावं पान उलटलं आणि त्यांचा अंगठा जांभळा झाला. बाजार करून ते परत आले, तो अंगठा मला दाखवला आणि म्हणाले, 'बाय, अशी जांभळी जीभ हंय एकाचीच आसा.' नाव सांगू नको, असं त्यांनीच बजावलं. आणि शिक्षाही त्यांनीच सुचवली. 'तेका माका वाचून दाखवूक लाव,' म्हणाले."

 जी बाई एका शेतकऱ्याला दिलेल्या शब्दापायी, माझ्यासारख्या तोऱ्यातल्या माणसाची अब्रू राखण्यापायी, कच्ची नोकरी पणाला लावून कार्यकारिणीपुढे उभी राहिली, ती इतकी वर्षं हसतमुखाने माझ्या हातात पुस्तकं ठेवत होती. मी निघताना बायंनी जपून ठेवलेलं ते जांभळ्या पानाचं पुस्तक काढून दिलं आणि म्हणाल्या, आता मलाही बारीक टाइप झेपत नाही, बुधवारी वाचून दाखवायला येत जा. त्याच्या मागच्या कागदावर दाजींच्या मोठ्या, वळणदार अक्षरात शेवटचं मत होतं, 'शेवट आधी कळला, तरी पुस्तक चांगले. वाचावे.'

त्याच्याखाली मी आता माझी कबुली लिहिली आहे, साध्या पेन्सिलीने. श्री शांतादुर्गा कुमुदबायंना निरोगी शंभरी देवो, त्यांची नजर पहिल्यासारखी स्वच्छ नसली तरी कायम शाबूत राहो, आणि बुधवारी त्यांना वाचून दाखवायला माझा आवाज टिको. बायंनी शिक्षा अजून माफ केलेली नाही.