काकांची नाव आणि दीड फूट पाइप

खरं तर हे कोणालाच सांगायचं नव्हतं. काकांनी मला दुकानातल्या गणपतीसमोर उभं करून बजावलं होतं, "रेवा, काकूले बोलू नको." दोन दिवसांनी काकूंनी त्याच गणपतीसमोर सांगितलं, "यायले बोलू नको वं." यायले म्हणजे काकांना. मी कमी बोलते, म्हणून लोक माझ्याजवळ गुपितं ठेवून जातात. गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवतात ना, तशी. पण किल्ली तरी कोणी परत नेतं! माझ्याकडचं नुसतं साचत जातं.

आज फारच साचलंय. म्हणून विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. समोर धरणाचं पाणी आहे, मोठी माणसं पोहे खातायत, आणि मला एका जागी बसवत नाहीये.

आमचं नागपुरात, जरीपटक्यात पाइपांचं दुकान आहे. शाळा सुटली की मी तिथेच कोपऱ्यातल्या स्टुलावर अभ्यास करते. देशकर काका आमच्याच गल्लीतले. रिटायर झाल्यावर त्यांनी कोकणातून एक जुनी शिडाची नाव ट्रेलरवर घालून आणली. नागपूरला! कुहीच्या पुढे धरणाचं पाणी पसरलंय, तिथे काकूंना फिरवायचं म्हणून.

वारा पडला तर काय? म्हणून नावेच्या पोटात छोटं डिझेल इंजिन आहे. ते गार राहावं म्हणून एक पाइप खालून धरणाचं पाणी ओढतो, ते इंजिनात फिरतं आणि मागून बाहेर पडतं. सगळी भानगड त्या पाइपाची!

*

जुना पाइप फाटला, तेव्हा काकांनी घरच्या कूलरचा पाइप काढून लावला. बाबांना विचारलंसुद्धा नाही.

"मे महिन्यात अख्खं घर थंडं ठेवते हा पाइप. एवढंसं इंजिन काहून नाही ठेवणार?"

नागपूरच्या माणसाचा कूलरवर जेवढा विश्वास असतो, तेवढा सख्ख्या भावावर नसतो. पण कूलरच्या पाइपातून पाणी ढकललं जातं. इथे ते ओढायचं होतं. बरोबर धरणाच्या मध्यावर इंजिनाने जोरात पाणी ओढलं आणि तो मऊ पाइप पोळीसारखा चपटा झाला. पाणी बंद, इंजिन लाल, वारा नाही. काका-काकू तीन तास एका छत्रीत बसले. शेवटी मासेमारांनी ओढून काठाला आणलं.

पाइप कूलरचा होता, हे काकूंना कळू द्यायचं नव्हतं. हेच ते पहिलं गुपित.

काठावर उतरल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी शेवटचा चान्स. इंजिन तापलं, की नाव लॉनवाल्याले."

लॉनवाले म्हणजे मिहानकडच्या रस्त्यावर ज्यांचं लग्नाचं लॉन आहे ते. त्यांना ही नाव गवतावर ठेवायची होती. सेल्फी पॉइंट म्हणून! नवरा-नवरी आत, बाहेर लाइटिंग. काकांनी हे ऐकलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले. हातात दोरा. जुन्या पाइपाला बाहेरून गुंडाळून माप आणलं होतं.

बाबा म्हणाले, "काका, पाणी आतून जाते जी. माप आतलं पाहिजे."

काका म्हणाले, "पण माणसाचा हात बाहेरूनच पोहोचते ना गा!"

*

मग निवड सुरू झाली. चार दिवस चालली. आमच्याकडचे गजाननभाऊ एकेक पाइप काढून काउंटरवर टाकायचे. काका तो वाकवायचे, बुटाखाली दाबायचे, नखाने खरवडायचे. दुकानात आलेला प्रत्येक माणूस आपलं मत देऊन जायचा. ट्रकवाला म्हणाला रेडिएटरचा लावा. बोअरवाला म्हणाला, माझाच न्या, पाताळातून पाणी ओढते. एक बाई गॅसची नळी बदलायला आल्या होत्या; त्या म्हणाल्या, रंग निळा घ्या, पाण्यावर शोभून दिसेल.

काकांना कोणाचंच पटेना. गुरुवारी त्यांनी पाइपाचं एक टोक बोटाने बंद केलं आणि दुसरं तोंडात धरून जीव खाऊन हवा ओढली. पाइप चपटा होतो का, ते बघायचं होतं. चेहरा टोमॅटोसारखा झाला, डोळे बाहेर आले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं. घाबरून म्हणालं, "अरे बाप! काका काय पिऊन राहिले?"

बाबा बिल लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "धरण."

*

शुक्रवारी दुपारी काकू आल्या. एकट्याच. बाबा जेवायला गेले होते, गजाननभाऊ गोदामात. काकूंनी पाइपांचे तुकडे हातात घेऊन पाहिले; बाजारात भेंडी बघतात तसे, टोक मोडून.

"यायनं कोणता नेला?"

मी काळा दाखवला. आत तारेची गुंडाळी असलेला. कितीही ओढलं तरी चपटा होत नाही.

"तुझ्या आईले नावेत बसवायचं असतं, तर तू हाच लावला असता?"

इतक्या दिवसांत मला कोणी मत विचारलं नव्हतं. मी नुसती मान डोलावली.

"मंग दीड फूट दे. अन् चार क्लॅम्प."

मला राहवलं नाही. "काकू, पण तुम्हाला तर नाव विकायची आहे ना?"

काकूंनी पाइप पिशवीत कोथिंबिरीखाली सरकवला. "विकायची असली तरी चालती विकीन. बंद पडलेली फुकट गेल्यासारखी वाटते." मग गणपतीकडे बोट दाखवून, "यायले बोलू नको वं!"

*

आता माझं स्वतःचं गुपित. ते मला कोणी ठेवायला दिलेलं नाही.

शनिवारी सकाळी काका गल्लीत उभ्या नावेत नवा पाइप बसवत होते. बाबा मदतीला, मी टॉर्च धरायला. पाणी ओढणाऱ्या पंपापासून इंजिनापर्यंत अजून एक पाइप आहे, वीतभर. तो काकांनी काढला, पुसला आणि पुन्हा लावायला घेतला.

"हा नाही बदलत. बारा वर्षांचा आहे, अजून कडक! असा इमानदार पाइप आता मिळत नाही."

बाहेरून तो खरंच छान होता. पण टॉर्च माझ्या हातात होता. आतलं अस्तर सुटलं होतं आणि जिभेसारखं लोंबत होतं. पाण्याचा जोर आला की ते आडवं होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी म्हटलं, "काका..." तेवढ्यात बाबांना फोन आला. मी पुन्हा म्हटलं, "काका, ते आतून..." तर काका म्हणाले, "टॉर्च वर, बेटा!" तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा गल्लीतली चार माणसं बघायला आली होती. चार माणसांसमोर मला बोलताच येत नाही. क्लॅम्प आवळला गेला.

घरी आल्यावर मी तीनदा चपला घातल्या आणि तीनदा काढल्या. काकांच्या दारापर्यंत एकदाही पोहोचले नाही.

*

आणि आज रविवार.

लॉनवाले आमच्याआधीच काठावर हजर! हातात मोजायचा टेप. नाव पाण्यात उतरली. काका, काकू, बाबा आणि मी. इंजिन सुरू झालं आणि मागून पाण्याची धार पडू लागली. काका म्हणाले, "पाहा वं, कशी धार आहे!" काकू पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

मी फक्त इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत होते. अर्धं पाणी पार झालं आणि तो चढू लागला. धार बारीक झाली. काका नव्या पाइपावर हात फिरवत राहिले. "हा तर नवा आहे गा! काहून?"

काटा लाल पट्टीला टेकला. आणि मी ओरडले. मी!

"काका, बंद करा! लहान पाइप! आतून फाटलाय, मी काल पाहिला होता!"

इंजिन बंद. वारा नाही. सगळीकडे पाणी आणि काकांचा उतरलेला चेहरा. "आता दुसरा पाइप कुठून आणू?"

काकूंनी पिशवीतून पोह्यांचा डबा काढला. मग थर्मास. मग दीड फूट पाइप, चार क्लॅम्प आणि स्क्रू ड्रायव्हर.

काका बघतच राहिले. बाबांनी धरणाचं पाणी आत घेणारा खालचा कॉक बंद केला आणि कांदा कापायच्या सुरीने जुना पाइप उभा चिरून काढला. नवा वीतभर कापला, पण कडक, चढेना. काकूंनी थर्मास उघडला आणि त्याची टोकं उकळत्या चहात बुडवली. मऊ पडल्याबरोबर चढला!

काका हळूच म्हणाले, "अन् आपला चहा?"

"पाइपानं घेतला," काकू म्हणाल्या.

काठाला आलो तर लॉनवाले टेप उघडून उभे. "काका, मधात थांबले होते तुम्ही. तापलं ना इंजिन?"

काकांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी मान खाली घातली. बाबा दुसरीकडे पाहू लागले. तेव्हा काकू म्हणाल्या, "रेवाले विचारा. ते पोरगी कधी खोटं बोलत नाही."

सगळे माझ्याकडे वळले. लॉनवाले, त्यांचा ड्रायव्हर, दोन मासेमार. चारपेक्षा जास्तच माणसं. लाल पट्टीला टेकलेला काटा अजून माझ्या डोळ्यांसमोर होता.

मी म्हणाले, "नाही. पोहे खायला थांबलो होतो."

लॉनवाल्यांचा टेप सर्रकन डबीत गेला. काकूंनी पोह्यांचा डबा उघडला. अजून काठोकाठ भरलेला होता. त्यांनी पहिली बशी लॉनवाल्यांच्याच हातात दिली, मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाल्या, "रेवा, हे कोणाले सांगू नको, पण त्या दिवशी छत्रीत बसलो होतो ना, तवाच मले दिसलं होतं का तो पाइप आपल्या कूल—

"रेवाऽऽ! वही ठेव अन् पळत ये वं! वारा आला!"