आडाच्या ओट्यावरची ओल

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. जन्मभर हायस्कूलात विज्ञान शिकवलं. त्यात धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात अंगारा, नवस, अंगात येणं... हे शब्दसुद्धा चालत नसत. विषय निघाला की वडील जेवणावरून उठायचे. म्हणून हे लिहिताना मला थोडं चोरट्यासारखंच होतंय. पण पाहिलं ते पाहिलं.

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरची गोष्ट. कामासाठी उस्मानाबादला खेटे घालणं संपलं म्हणून सगळे खूश होते. नवी ऑफिसं, नव्या जीपा, आणि रस्ते रुंद करायचा नुसता सपाटा! त्यातच दुष्काळ पडला. गंजगोलाईच्या बाजारामागच्या आमच्या गल्लीत टँकरचं मचूळ पाणी यायचं आणि त्यासाठी सख्खे शेजारी भांडायचे.

गल्लीच्या मध्यावर आमचा आड. गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देत नव्हते, तेव्हा आमच्याच लोकांनी तो खोदला, असं घरोघर सांगितलं जायचं. त्या साली मात्र तोही आटला होता, तळाशी गाळाला भेगा. तरी एप्रिलमध्ये जयंती आली की गल्ली आधी आडाच्या ओट्याला चुना मारायची आणि मग स्वतःच्या घराला. आम्हाला त्याचा भारी अभिमान होता. वर्षानुवर्षांचा चुना त्या ओट्यावर भाकरीएवढा जाड झाला होता.

रस्त्याची आखणी नेमकी त्या आडावरून गेली.

मोजणीला आलेले इंजिनिअर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, कोरडे आड शहरात ढिगानं आहेत, मी कुठला कुठला वाचवू? हा गल्लीनं स्वतः खोदला याचा काही पुरावा असेल तर दाखवा, मी वर कळवतो. पुरावा म्हणजे काय, तर आमची गयाआत्या. वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. तिच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. आड खणताना दगड ओढत होते, तेव्हा दोरात सापडून तुटली, असं ती सांगायची. आणि आम्ही सगळे हसायचो. पोरीबाळींना कोण आड खणू देतंय! वडील तर चिडवायचे की कडबा तोडताना विळ्यानं गेली आणि नाव आडाचं. आत्या तेव्हा नुसता हात पदराखाली घ्यायची.

आणि मग ती ओल दिसली.

भर दुपारी. ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नव्हता, आणि चुन्यावर परातीएवढा ओला डाग. पहिल्या दिवशी गल्लीत भांडण झालं. टँकरच्या पाण्याची नासाडी कोण करतंय म्हणून आमचे शेजारी किसनमामा घरोघर घागरी तपासत फिरले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलो. कुणी आलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत डाग उमटला आणि पसरला. नळाची लाईन त्या बाजूला नव्हतीच. आडात दोर सोडून पाहिला, तो खडखडीत कोरडा वर आला. डागावर प्लास्टिक अंथरून कडेनं दगड ठेवले, म्हणजे बाहेरून पाणी यायचा प्रश्न नको. प्लास्टिकखाली ओल आणखी वाढली! मला राग आला, खरं सांगतो. शिकवलेलं सगळं तिथे लंगडं पडत होतं.

आत्यानं बोट लावून जिभेवर ठेवलं. म्हणाली, "ग्वाड हाय. आपल्या आडाचं."

बातमी फुटली. शेजारच्या गल्लीतल्या बाया हळद-कुंकू, नारळ घेऊन आल्या. इंजिनिअरनी मला बाजूला घेऊन हळूच सुचवलं, "गुरुजी, एक दगड ठेवा, शेंदूर फासा. माझा एकही मजूर मग हात लावणार नाही." किसनमामाही डगमगले. म्हणाले, आड तर वाचतोय, बाकीचं नंतर बघू. आणि... मलाही क्षणभर ते पटलं. आड वाचवायचा तो सगळ्यात सोपा मार्ग होता.

आत्या ओट्यावर जाऊन बसली, डागाच्या अगदी शेजारी. आवाज चढवला नाही.

"देवाचा म्हणून ऱ्हाणार आसंल तर बुजवा त्येला. देवानं न्हाई खणला. आमी खणलाव."

बायांनी नारळ तसेच माघारी नेले. इंजिनिअर खाली मान घालून उभे होते.

दोनेक दिवसांनी, अशाच दुपारी, ते आखणीचे खुंट ठोकून घ्यायला आले होते. आम्ही सगळे ओट्याभोवती उभे. ओल्या जागचा चुना पापडासारखा फुगला आणि त्याचा मोठा पोपडा आपोआप सुटून खाली पडला. आत जुना गिलावा होता. गिलाव्यात हाताचे पंजे. ओल्या चुन्यात दाबून उमटवलेले, पुरुषांचे, बायकांचे, एकाला एक लागून. आमच्याच हौसेनं, दर जयंतीला, आम्ही ते पुरत गेलो होतो.

कडेच्या एका डाव्या पंजाला करंगळी अर्धी होती.

आत्यानं पदराखालचा हात काढला आणि त्या ठशात ठेवला. म्हाताऱ्या हाताची बोटं वाकडी झाली होती, पण हात बसला. वडील एका बाजूला रडत होते. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. इंजिनिअरनी चपला काढल्या, ओट्यावर चढून नीट बघितलं आणि स्वतःच्या हातानं ओट्याजवळचा खुंट उपटला.

रस्ता आजही आमच्या गल्लीत आडाला वळसा घालून जातो. रिक्षावाले त्या वळणाला शिव्या देतात, मला ऐकायला फार बरं वाटतं.

ओल त्या दिवसानंतर कधीच आली नाही. कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या मित्राला नेऊन दाखवलं. त्यानं जमिनीतल्या झिरप्याचं, चुन्याच्या गुणधर्माचं बरंच सांगितलं, आणि शेवटी तोच म्हणाला की त्या साली, त्या उन्हात, तेवढ्याच जागी... नाही बुवा सांगता येत. आत्याला विचारलं होतं, तर म्हणाली, "मला काय ठाव? तू मास्तर हाईस."

आता आत्या नाही. जयंतीला आम्ही अजून चुना मारतो, पंजांची जागा सोडून. गल्लीतली पोरं त्या अर्ध्या करंगळीच्या ठशात हात घालून बघतात आणि तो कुणाचा ते पाहुण्यांना सांगतात. पाणी कुठून आलं, ते मला आजही माहीत नाही. आड कुणी खणला, ते विचारा.